युनायटेडचा २०२४-२५चा हंगाम : पोरं पळाली, पण मधे दोघंच होती

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर हरणाऱ्या संघाला सगळ्यात आधी एकच गोष्ट ऐकावी लागते : "पळत नाहीत." मँचेस्टर युनायटेडचा हंगाम संपल्यावर पेठापेठांतल्या युनायटेडवाल्यांनीही निकाल तोच दिला. पैसे घेतात आणि पळत नाहीत, जर्सीची किंमत नाही, वगैरे. राग खरा आहे. रात्री दीडला सुरू होणारे सामने बघून सकाळी कामावर जाणाऱ्या माणसाला रागावायचा पूर्ण हक्क आहे. पण निदान चुकलं की औषधही चुकतं. हा संघ पळण्यात कमी पडला नाही. त्यानं मैदानाच्या मधोमध माणसं कमी ठेवली, कडेला चुकीच्या पायाची माणसं उभी केली, आणि हे दोन्ही दुरुस्त करायला त्याला सरावाचे दिवसच मिळाले नाहीत. बाकीचं बरंचसं दुखणं यातूनच आलं.

आधी आकडे, कारण चौकात ते अर्धेच सांगितले जातात. प्रीमियर लीगचे ३८ सामने, ११ विजय, ९ बरोबरी, १८ पराभव. ४४ गोल केले, ५४ खाल्ले. ४२ गुण, १५वा क्रमांक. १९७३-७४च्या हंगामात युनायटेडची खालच्या श्रेणीत घसरण झाली होती. त्यानंतर हा संघ इतक्या खाली कधीच राहिला नव्हता. आता या आकड्यांची फोड करा. साउदॅम्प्टन, लेस्टर आणि इप्सविच हे तीन संघ त्या हंगामात खालच्या श्रेणीत गेले. त्यांच्याविरुद्धच्या सहा सामन्यांत युनायटेडनं पाच जिंकले आणि एक बरोबरीत सोडवला : १६ गुण, १६ गोल. म्हणजे उरलेल्या ३२ सामन्यांत २६ गुण आणि २८ गोल. सामन्याला एक गोलसुद्धा पडत नाही. ३८पैकी १५ सामने गोलाविना गेले. लीगमधले लागोपाठ दोन सामने अख्ख्या हंगामात एकदाही जिंकता आले नाहीत. आणि ओल्ड ट्रॅफर्डवर, घरच्या मैदानावर, लीगमध्ये नऊ पराभव : लिव्हरपूल, टॉटनहॅम, फॉरेस्ट, बोर्नमथ, न्यूकॅसल, ब्रायटन, क्रिस्टल पॅलेस, वुल्व्हज, वेस्ट हॅम. त्यातले तीन ०-३नं.

घटनाक्रम थोडक्यात. मे २०२४मध्ये मँचेस्टर सिटीला २-१ हरवून एफए कप जिंकला, म्हणून प्रशिक्षक एरिक टेन हाग यांचा करार वाढवला. त्यांच्या मांडणीसाठी उन्हाळ्यात योरो, झिर्कझी, डी लिख्ट, मझरावी आणि उगार्ते असे पाच खेळाडू विकत घेतले. आणि २८ ऑक्टोबरला टेन हाग यांनाच काढलं. तेव्हा नऊ सामन्यांत ११ गुण होते आणि संघ १४वा होता. रूड व्हॅन निस्टलरॉय यांनी चार सामने सांभाळले, एकही हरले नाहीत. मग स्पोर्टिंग लिस्बनहून रुबेन अमोरिम आले. त्यांचा पहिला सामना २४ नोव्हेंबरला इप्सविचमध्ये झाला, १-१. त्यांच्या हाताखाली लीगचे २७ सामने झाले : ७ विजय, ६ बरोबरी, १४ पराभव. गुण २७. सामन्याला बरोबर एक.

अमोरिम काही हवेतून आलेला माणूस नव्हे. स्पोर्टिंगला त्यांनी २०२०-२१मध्ये १९ वर्षांनी पोर्तुगालचं विजेतेपद मिळवून दिलं, २०२३-२४मध्ये पुन्हा. इंग्लंडला यायच्या आधी काही दिवस त्यांच्या संघानं सिटीला ४-१ धुतलं, गियोकेरेसची हॅट्‌ट्रिक. तेव्हा पद्धत वाईट आहे असं म्हणता येत नाही. पण तालमीत वस्ताद आधी पोराची अंगकाठी बघतो आणि मग डाव घोटून घेतो. उंच, लांब हातांच्या पोराला एक डाव, बुटक्या, खालून शिरणाऱ्याला दुसरा. इथं डाव आधीच ठरला होता, पैलवान नंतर तपासले गेले. तेही हंगामाच्या मध्यात, आठवड्याला दोन कुस्त्या लागलेल्या असताना. यात अमोरिम यांच्यापेक्षा त्यांना त्या वेळी आणणाऱ्यांचा दोष मला जास्त वाटतो. जूनमध्ये घ्यायचा निर्णय ऑक्टोबरच्या शेवटी घेतला की असंच होतं.

आता ती मांडणी. ३-४-२-१. मागं तीन स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू, दोन्ही कडांना एकेक विंग बॅक, मधे दोन हाफ, म्हणजे मधल्या फळीतले, त्यांच्या पुढं दोन दहा नंबर, म्हणजे फॉरवर्डच्या मागून गोलच्या संधी तयार करणारे, आणि एकटा फॉरवर्ड. बॉल गेला की विंग बॅक मागं येतात, मागं पाच होतात. कागदावर भक्कम दिसतं.

मैदानाची रुंदी ६८ मीटर. मागची पाच माणसं ओळीत उभी राहिली तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण साडेतेरा मीटर येतात, ते सहज जमतं. पण त्यांच्या पुढं हाफ दोनच. प्रत्येकाच्या वाट्याला ३४ मीटर. समोरच्या संघाचे तीन हाफ असले, आणि इंग्लंडमध्ये बहुतेकांचे असतात, तर एक माणूस कायम मोकळा राहतो. त्या मोकळ्या माणसाला अडवायचे तीन मार्ग आहेत. पहिला, दहा नंबरपैकी एकानं खाली येऊन तिसरा हाफ व्हायचं. मग बॉल मिळाल्यावर पुढं माणूस नसतो. दुसरा, मागच्या तीन स्टॉपरपैकी एकानं पुढं झेपावायचं. तो चुकला तर त्याच्या पाठीमागचं भगदाड उघडं पडतं. तिसरा, दोन्ही हाफनी जिवाच्या आकांतानं इकडून तिकडं सरकत राहायचं. यासाठी दोघांकडं वेग आणि दम दोन्ही लागतात, आणि ९० मिनिटं लागतात.

हे कसं फाटतं याचा धडा म्हणून ३० डिसेंबरचा न्यूकॅसलविरुद्धचा सामना पुन्हा बघावा. कॅप्टन ब्रुनो फर्नांडिस वुल्व्हजविरुद्ध लाल कार्ड घेऊन बाहेर, उगार्तेही निलंबित. मधे कासेमिरो आणि एरिक्सन. दोघंही ३२ वर्षांचे, दोघांच्या पायात कला भरपूर, पण धावून अंतर भरून काढायचे दिवस मागं गेलेले. समोर टोनाली, गिमाराइश आणि जोएलिंटन, तिघंही दणकट. चौथ्या मिनिटाला इसाकचा हेडर, १९व्या मिनिटाला जोएलिंटनचा हेडर. दोन्ही गोल न्यूकॅसलच्या डाव्या कडेवरून गोलसमोर टाकलेल्या पासवर, म्हणजे क्रॉसवर. पण मूळ कडेला नव्हतं. मधल्या तिघांना मोकळेपणानं मान वर करून पास टाकायला वेळ मिळत होता, म्हणून कड उघडी पडत होती.

३३व्या मिनिटाला अमोरिम यांनी फॉरवर्ड झिर्कझीला काढून कोबी मैनूला आणलं, म्हणजे मधे तिसरा माणूस घातला. त्यानंतर गोल बसला नाही. सामना ०-२वरच संपला. झिर्कझी बाहेर पडताना घरच्याच प्रेक्षकांनी उपहासानं टाळ्या वाजवल्या आणि पोरगं थेट बोगद्याकडं निघून गेलं. तो प्रकार मनाला लागणारा होता. कारण चूक त्याची नव्हतीच. मांडणीत माणूस कमी होता, आणि तो भरायला कुणाला तरी उठवायचं होतं.

यातूनच ब्रुनोचं कोडं तयार झालं, आणि ते हंगामभर सुटलं नाही. ब्रुनो दहा नंबरच्या जागेवर सगळ्यात धोकादायक. हंगामात सगळ्या स्पर्धा मिळून १९ गोल त्याचे. पण मधल्या दोघांत पास फिरवणारा, खेळाचा वेग बदलणारा माणूस कोण? मैनू मधे बराच काळ जायबंदी, कासेमिरो-एरिक्सन एकत्र चालत नाहीत, उगार्ते बॉल हिसकावतो पण पुढचा पास त्याला अवघड जातो. मग ब्रुनोला खाली आणायचं. खाली आणला की वरची धार गेली. वर ठेवला की बॉल वर पोचत नाही. घोंगडं आखूड आहे. डोकं झाकलं की पाय उघडे. बऱ्याच सामन्यांत ब्रुनो एकटाच दोन जागा खेळत होता, आणि त्याला दमलेला बघून "कॅप्टन चिडचिडा आहे" म्हणणाऱ्यांनी त्याच्या अंगावर किती काम होतं ते मोजलंच नाही.

दुसरं दुखणं कडेचं. या मांडणीत विंग बॅक हा सगळ्यात महागडा माणूस असतो. चार बॅकच्या खेळात कडेला एक बॅक आणि एक विंगर असे दोघं असतात. इथं दोघांचं काम एकालाच. १०५ मीटरच्या रेषेवर त्याला दोन्ही टोकांना पोचायचं असतं. हल्ल्यात समोरच्या गोलरेषेपर्यंत, आणि बॉल गेला की ७० मीटर परत. ७० मीटर सेकंदाला सहा मीटरच्या वेगानं धावलं तरी पावणेबारा सेकंद लागतात. समोरचा संघ तेवढ्या वेळात तीन पास करून डीत, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, शिरतो. म्हणून विंग बॅकला नुसता दम असून चालत नाही. बॉल जाणार हे आधी ओळखून दोन पावलं आधी वळायची अक्कल लागते, आणि ती सरावानंच येते.

युनायटेडकडं डाव्या बाजूला ल्यूक शॉ आणि मलासिया हे दोन डावखुरे होते. शॉ बराचसा हंगाम दुखापतीत आणि मलासिया दीर्घ दुखापतीतून नुकताच परतलेला. मग उजव्या पायाच्या दियोगो दालोला डावीकडं खेळवलं. दालो मन लावून खेळला, एवढे सामने खेळला की त्याच्या पायांचं कौतुकच वाटतं. पण उजव्या पायाचा माणूस डाव्या रेषेवर बॉल मिळाला की काय करतो ते बघा. पहिला स्पर्श थांबवायला, दुसरा आत वळायला, मग उजव्या पायानं पास किंवा क्रॉस. या दोन-तीन सेकंदांत समोरचे बॅक जागेवर येतात. पहिल्याच स्पर्शाला डाव्या पायानं गोलरेषेला समांतर जाणारा क्रॉस पडत नाही, आणि फॉरवर्ड डीत धावून येतो तो रिकाम्या हातानं. फॉरवर्ड होयलुंडनं किती वेळा जवळच्या पोस्टकडं धाव घेतली आणि बॉल आलाच नाही, हे नुसत्या गोलांच्या क्लिप बघणाऱ्याला कळत नाही.

उजवीकडं अमाद डियालोनं इप्सविचविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला रेषेवरून पळत जाऊन रॅशफर्डला जो पास दिला, तो या पद्धतीचा आदर्श नमुना. पण अमादला कडेला ठेवलं की दहा नंबरच्या जागी तो मिळत नाही, आणि तिथंही त्याच्याइतकं धारदार कुणी नव्हतं. साउदॅम्प्टनविरुद्ध १६ जानेवारीला शेवटच्या बारा मिनिटांत त्यानं तीन गोल केले नसते, तर त्या रात्रीही ओल्ड ट्रॅफर्डवर नामुष्कीच होती. फेब्रुवारीत त्याचा घोटा गेला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला लिसांड्रो मार्टिनेझच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. मार्टिनेझ म्हणजे मागच्या तिघांतला डाव्या पायाचा माणूस, पहिला पास सरळ मधून टाकणारा. तो गेला आणि मागून बॉल बाहेर काढायचा रस्ता आणखी अरुंद झाला. डाव्या कडेसाठी लेचेहून डॉर्गूला आणलं, वय २०. गुण दिसतात, पण हंगामाच्या मध्यात येऊन एवढी अवघड जागा लगेच पेलेल अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं होतं. १६ फेब्रुवारीला टॉटनहॅमविरुद्ध राखीव खेळाडूंच्या बाकावर बहुतेक पोरं विशीच्या आतली होती.

आता डिसेंबरचे कॉर्नर. यावर चौकात फारसं कुणी बोललं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात स्वस्तात टाळता आली असती अशी पडझड हीच होती. ४ डिसेंबर, आर्सेनल : दोन गोल, दोन्ही कॉर्नरवरून, टिंबर आणि सलिबा. ७ डिसेंबर, फॉरेस्ट : दुसऱ्याच मिनिटाला कॉर्नर, मिलेंकोविचचा हेडर. १९ डिसेंबर, लीग कपमध्ये टॉटनहॅम : सोनचा कॉर्नर कुणालाही न लागता थेट जाळ्यात. २२ डिसेंबर, बोर्नमथ : फ्री किकवर हाउसनचा हेडर. २६ डिसेंबर, वुल्व्हज : कुन्हाचा कॉर्नर, पुन्हा थेट जाळ्यात. आठ दिवसांत दोनदा थेट कॉर्नरवरून गोल, तेही दोन वेगळ्या गोलरक्षकांवर. आधी बायिंदिर, मग ओनाना. गोलरक्षक बदलूनही तोच गोल बसला तर एकट्या गोलरक्षकाला फासावर चढवून भागत नाही.

हा गोल बसतो कसा? कॉर्नर आत वळणारा असतो, म्हणजे बॉलचा झोक गोलकडं. तो गोलरेषेपासून एक-दोन मीटरवर, डोक्यापेक्षा थोडा वर येतो. समोरचा संघ साडेपाच मीटरच्या लहान डीत तीन-चार माणसं कोंबतो, त्यातले दोन थेट गोलरक्षकाला चिकटून. त्यांना हेडर मारायचाच नसतो. त्यांचं काम एवढंच, की गोलरक्षकाला पहिलं पाऊल पुढं टाकता येऊ नये. गोलरक्षकाची उडी एका पावलाच्या रेट्यावर असते. ते पाऊल अडलं की हात अर्धा फूट खाली राहतात. पंच प्रत्येक वेळी फाउल देईलच असं नाही. त्यात जवळच्या पोस्टवर माणूस नसला तर बॉल थेट आत.

बंदोबस्त तालमीच्या संघालाही करता येईल असा आहे. गोलरक्षक सोडून दहा माणसं. एक जवळच्या पोस्टवर, पाठ पोस्टला. एक लहान डीच्या पुढच्या कोपऱ्यावर, खाली येणारा कॉर्नर उडवायला. एक गोलरक्षकाच्या पुढ्यात, फक्त चिकटलेल्या माणसाला बाजूला ठेवायला. यानं बॉलकडं बघायचंच नाही. तिघं लहान डीच्या रेषेवर जागा धरून, उंच आणि उडी मारणारे. तिघं समोरच्या तीन सगळ्यात चांगल्या हेडर मारणाऱ्यांच्या अंगावर, त्यांची धाव अडवायला. दहावा डीच्या अर्धवर्तुळाजवळ, परत आलेल्या बॉलसाठी. सराव आठवड्यातून दोनदा, वीस-वीस कॉर्नर, दहा या बाजूनं, दहा त्या बाजूनं, आणि अंगावर येणारी माणसं खरी हवीत. शंकू लावून हा सराव होत नाही. बहुतेक वेळा चुकतं ते तिसऱ्या माणसाचं. बॉल हवेत गेला की त्याची नजर वर जाते आणि तेवढ्यात गोलरक्षक कोंडला जातो.

उलट बाजूही तेवढीच दुखरी. १ एप्रिलला फॉरेस्टविरुद्ध कॉर्नर युनायटेडचा होता. बॉल बाहेर आला आणि आपलाच जुना खेळाडू इलांगा स्वतःच्या भागातून निघाला तो थेट गोल करूनच थांबला, पाचव्या मिनिटाला. सामना ०-१. आपला कॉर्नर असताना मागं किती जण आणि कुठं ठेवायचे, याचं साधं गणित आहे : समोर जेवढे वर थांबलेत त्यापेक्षा एक जास्त, आणि त्यातला निदान एक संघातला सगळ्यात वेगवान. वेगवान माणूस डीत पाठवून संथ माणूस मागं ठेवला की इलांगासारख्याला कुणी पकडू शकत नाही.

फॉरवर्डबद्दल मी लांबण लावणार नाही. लीगमध्ये होयलुंडचे ४ गोल, झिर्कझीचे ३. ब्रुनो आणि अमादचे आठ-आठ. १२ डिसेंबरला युरोपा लीगमध्ये प्लझेनविरुद्ध दोन गोल केल्यावर होयलुंडला पुढचा गोल १६ मार्चला मिळाला, मधे २१ सामने कोरडे. बावीस वर्षांच्या पोराला एकट्यानं वर उभं करून बॉल पोचवायचा नाही आणि गोल मागायचा, हे बरोबर नव्हे. पण मिळालेल्या संधीही त्यानं दवडल्या, हेही खरं.

सरावाच्या दिवसांचा हिशेब मात्र नीट मांडायला हवा, कारण "नवीन कोच येऊन सहा महिने झाले, अजून काय वेळ पाहिजे" हे वाक्य तेव्हा फार ऐकू यायचं. २४ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर, ३७ दिवस. सामने ११. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी खेळलेल्या माणसांना फक्त हलका व्यायाम, मालीश, बर्फ. सामन्याच्या आदल्या दिवशी प्रवास किंवा हलकी उजळणी, कारण पाय ताजे ठेवायचे असतात. तीन-चार दिवसांच्या अंतरात उरतो एक दिवस, फार तर दोन. आणि पाच माणसांची ओळ एकत्र पुढं-मागं सरकवणं, विंग बॅक वर गेला की त्याच्या मागची जागा कुणी भरायची, दहा नंबरनी कधी खाली यायचं, ही सगळी सवयीची कामं आहेत. फळ्यावर समजावून पायात उतरत नाहीत. अख्ख्या हंगामात कम्युनिटी शील्डचा हंगामाआधीचा एक सामना धरून ६० सामने झाले. पद्धत शिकायची, ती सामन्यातच, गुण गमावत.

युरोपात मग हाच संघ अंतिम सामन्यापर्यंत जिंकत गेला कसा, हा रास्त प्रश्न आहे. युरोपा लीगमध्ये अंतिम सामन्यापर्यंत एकही पराभव नाही. बिल्बाओला उपांत्य फेरीत दोन सामने मिळून ७-१. लिऑनविरुद्धची १७ एप्रिलची रात्र तर आयुष्यभर पुरेल : जादा वेळेत २-४ मागं, आणि ११४व्या मिनिटापासून ब्रुनोची पेनल्टी, मैनू, मॅग्वायर. ५-४. आपल्याकडं तेव्हा पहाटेचे तीन वाजत आले होते. पण त्या रात्रीच्या आनंदातही नीट बघितलं तर लिऑनचा टोलिसो ८९व्या मिनिटालाच बाहेर गेला होता, आणि दहा माणसांच्या संघानं जादा वेळेत आपल्यावर दोन गोल घातले. बिल्बाओलाही पहिल्या सामन्यात ३५व्या मिनिटाला विवियानचं लाल कार्ड मिळालं. युरोपातले संघ पुढं येऊन खेळले, मधे जागा मिळाली, ब्रुनोला मान वर करता आली. इंग्लंडमध्ये मधल्या क्रमांकाचा संघही अंगाला अंग लावून खेळतो, ती जागा मिळत नाही.

२१ मेच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमनं हेच दाखवलं. ४२व्या मिनिटाला जॉन्सनचा ओबडधोबड गोल, आणि मग सगळे मागं बसले. बसलेला बचाव फोडायला डाव्या कडेनं वेगात क्रॉस लागतो, मधून झटपट पासची देवाणघेवाण लागते. हंगामभर जे जमलं नाही ते एका रात्रीत कुठून येणार? होयलुंडचा हेडर व्हॅन डी वेननं गोलरेषेवरून काढला, तेवढाच. ज्या टॉटनहॅमचा लीगमध्ये १७वा क्रमांक आला, त्यांनी या हंगामात आपल्याला चार वेळा हरवलं. हे जास्त झोंबतं. त्या पराभवासोबत पुढच्या हंगामातला युरोपही गेला. २०१४-१५नंतर पहिल्यांदाच युनायटेड युरोपातल्या कुठल्याच स्पर्धेत नव्हतं.

इथं एक बाब कोल्हापूरच्या प्रशिक्षकांसाठी. टीव्हीवर तीन बॅकचा खेळ बघून आपल्याकडंही तो उतरवायची हौस वाढते आहे. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला, तेव्हा आपल्या पोरांना जमणार नाही असं मी म्हणणार नाही. पण उतरवण्याआधी तीन गोष्टी तपासा. डाव्या रेषेला खरा डावखुरा आहे का? नसेल तर तिथंच थांबा, चार बॅक ठेवा. मधले दोन हाफ पूर्ण वेळ पळतील असे आहेत का? दुपारच्या उन्हातला सामना असेल तर उत्तरार्धात बदलायला त्याच ताकदीचा तिसरा हाफ बाकावर हवा. आणि मधल्या स्टॉपरला तोंड आहे का? ओळ पुढं-मागं नेणारा तोच; तो गप्प राहणारा असेल तर पाच जणांची ओळ वाकडी होते आणि समोरचा फॉरवर्ड ऑफसाइड न होता आत शिरतो. हौसेचा संघ आठवड्यातून तीन दिवस सराव करत असेल तर ही मांडणी बसायला निदान दोन-अडीच महिने धरावेत, आणि ते हंगामाआधी.

२०२५-२६मध्ये युरोप नसल्याचा युनायटेडला एक फायदा होता आणि तो मोठा होता. त्या हंगामात मधल्या आठवड्याचे बहुतेक दिवस मोकळे. शनिवार ते शनिवार सामना असेल तर चार दिवस पूर्ण सराव होतो. आदल्या वर्षी महिन्याभरात जेवढा खरा सराव मिळत होता तेवढा दोन आठवड्यांत मिळणार होता. अमोरिम यांची पद्धत खरोखर किती चालते हे तेव्हा कुठं कळणार होतं. वुल्व्हजकडून कुन्हाला घेतलं, २०२४-२५मध्ये लीगमध्ये त्याचे १५ गोल. थेट कॉर्नरवरून गोल घालणारा तोच. डावा दहा नंबर म्हणून तो छान बसेल असं दिसत होतं. पण तो आला म्हणजे ब्रुनो खाली गेला, आणि मधल्या दोघांचा प्रश्न होता तिथंच राहिला. मला विचाराल तर उरलेला पैसा आधी तिथं घालायला हवा होता : पंचविशीच्या आतला, दोन्ही डींच्या मधे दिवसभर पळणारा हाफ.

२०२५-२६च्या हंगामाचा पहिला सामना १७ ऑगस्ट २०२५ला, रविवारी, आपल्या रात्री नऊला, ओल्ड ट्रॅफर्डवर होता, समोर आर्सेनल. तो पुन्हा बघाल तेव्हा बॉलमागं नजर नेऊ नका. आपल्या गोलरक्षकाकडं बॉल असताना दोन हाफ एकमेकांपासून किती लांब उभे आहेत ते बघा. पंधरा मीटरच्या आत असतील तर काहीतरी शिकलेत. डावीकडं बॉल गेला की क्रॉस पहिल्या स्पर्शाला पडतो की तिसऱ्या, ते मोजा. आणि आर्सेनलला पहिला कॉर्नर मिळाला की गोलरक्षकाच्या पुढ्यात लाल जर्सीतला माणूस उभा आहे का, आणि जवळच्या पोस्टला पाठ टेकून कुणी आहे का, ते आधी बघा.